गुणवंत पाल्याचा अर्ज

निकाल लागला की आपल्या घरात एकच प्रश्न विचारला जातो, तोही चपला काढता काढता. किती टक्के? पोरगं एक आकडा सांगतं. आकडा मनासारखा असला तर पेढे येतात, नसला तर त्या दिवशी घरात कुणी धड जेवत नाही. मधल्या बारा महिन्यांत त्या पोराचं काय चाललं होतं, कुठला विषय डोक्यावरून जात होता, वर्गात ते कुणाशेजारी बसतं, हे विचारायला आपल्याला सवड नसते. मी कुणा एकाकडे बोट दाखवत नाही. ही तुमच्या-माझ्या घरातलीच गोष्ट आहे, फक्त या खेपेला ती दिघीच्या हिंदुराव खराड्यांच्या घरात घडली.

हिंदुराव मूळचे आटपाडीकडचे. बावीस वर्षांपूर्वी चाकणला आले, गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत प्रेसवर हेल्पर म्हणून लागले आणि आता तिथेच एका लाइनचे प्रमुख होते. माणूस कामाला वाघ, स्वभावानं साधा. पण एक खोड होती. मुलाचं कौतुक त्यांच्या पोटात राहत नसे. निरंजन दहावीला शहाऐंशी टक्क्यांनी पास झाला तेव्हा मंडळाच्या पोरांनी चौकात त्याचा फ्लेक्स लावला आणि नावाच्या आधी 'भावी इंजिनिअर' असं छापलं. आपल्याकडे वाढदिवसाला भावी नगरसेवक जन्माला येतात, तसाच हा भावी इंजिनिअर. फ्लेक्सचा रंग उडून पोराचं तोंड पांढरं फटक पडलं तरी हिंदुरावांनी तो दिवाळीपर्यंत उतरवू दिला नव्हता.

पुढचा बेतही पक्का होता. मोशीच्या पुढे एका पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांचा मेकॅनिकल डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, की पोरगं पदवीधर. कंपनीची बस रोज त्या पॉलिटेक्निकच्या फाटकावरून जायची. दोन वर्षं हिंदुराव ठरवून डाव्या बाजूच्या खिडकीशी बसत आणि फाटक आलं की शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणत, "आमचा निरंजन इथं असतो." शेजारच्यांना ते पाठ झालं होतं. काही जण आधीच मान डोलावून मोकळे होत.

जुलैमध्ये दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला. निरंजननं चौऱ्याहत्तर टक्के सांगितले. सावित्रीबाईंनी देवापुढे साखर ठेवली, हिंदुरावांनी लाइनवर पेढे वाटले, धाकट्या पिंकीनं नववीतल्या मैत्रिणींना दादाचे टक्के दोनानं वाढवून सांगितले. सगळं रीतसर झालं.

आता त्यांच्या कंपनीत एक प्रथा होती. खंडेनवमीला प्रेस मशिनींना झेंडूच्या माळा घालून पूजा करायची आणि त्याच दिवशी कॅन्टीनच्या हॉलमध्ये 'गुणवंत पाल्य सत्कार' करायचा. कामगारांची जी मुलं चांगल्या मार्कांनी पास झाली असतील त्यांना एक बॅग, एक प्रशस्तिपत्र आणि मोठ्या साहेबांबरोबर फोटो. तो फोटो पुढे वर्षभर कॅन्टीनच्या फळ्यावर राहायचा. जेवायला रांगेत उभं राहिलं की समोर तेच. हिंदुरावांनी कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या पोरांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या. यंदा सप्टेंबरमध्ये अर्ज निघाला आणि पहिला कागद त्यांनीच उचलला.

निरंजन नको म्हणाला. राहू द्या पप्पा, त्यात काय एवढं, असं दोनदा म्हणाला. हिंदुरावांना तो पोराचा विनय वाटला, आणि विनयी पोराचा बाप म्हणून त्यांना आणखी बरं वाटलं. गुणपत्रिकेची प्रत मागितली तर पोरगं चार दिवस कारणं सांगत राहिलं. आज वेबसाइट बंद, उद्या प्रिंटवाला बंद. पाचव्या दिवशी बापानं जरा आवाज चढवला, तेव्हा सहाव्या दिवशी प्रत हातात आली. हिंदुरावांनी ती पिंकीकडून प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून घेतली.

अर्ज तपासायचं काम क्वालिटी विभागाच्या मुकुंद साहेबांकडे असायचं. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेला, चिंचवडला राहणारा, मोजकं बोलणारा माणूस. तीस वर्षं पत्र्याची जाडी मोजून मोजून त्यांना कुठलाच आकडा तसाच सोडवत नसे. लोक त्यांना पाठीमागे हसायचे, की साहेब हॉटेलचं बिलसुद्धा तीनदा तपासतात. त्यांनी एका दुपारी शिफ्ट सुटल्यावर हिंदुरावांना आपल्या काचेच्या केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि गुणपत्रिका समोर ठेवली. म्हणाले, की सगळ्या विषयांचे मार्क मिळवले तर खाली छापलेल्या बेरजेशी जुळत नाहीत. एकोणीस मार्कांचा फरक येतो.

हिंदुराव हसले. कंप्युटरची चूक असंल साहेब, म्हणाले. मुकुंद साहेब हसले नाहीत. म्हणाले, असेलही. परीक्षेचा नंबर टाकला की निकाल वेबसाइटवर दिसतो. इथे बघू या, की तुम्ही आधी घरी विचारता?

"बघा की," हिंदुराव म्हणाले. पण आवाज जरा खाली आला होता.

पडद्यावर निरंजनचं नाव आलं, बापाचं नाव आलं, आणि खाली मार्क आले. चार विषयांपुढे एक एक फुली होती. हिंदुरावांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, त्यांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण फुली म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. सगळ्यात खाली एक ओळ होती, तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. मुकुंद साहेबांनी चष्मा काढला.

"वर्ष गेलं आहे, हिंदुराव. चार विषय राहिलेत. तिसऱ्या वर्षाला त्याला प्रवेश मिळालेलाच नाही."

"मग साहेब, तो रोज जातो कुठं?"

बाहेर दुसऱ्या शिफ्टच्या प्रेस सुरू झाल्या होत्या आणि दर ठोक्याला केबिनची काच हलत होती. ज्या माणसानं बावीस वर्षांत कधी खुर्ची मागितली नाही, तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. मग राग आला. असा आला, की कानशिलं तापली. पेढे आठवले, बसमधली कोपरं आठवली, लाइनवरची सगळी तोंडं आठवली. म्हणाले, उद्याच्या उद्या त्याला ठेकेदाराकडं उभा करतो, लोडिंगला. पोती उचलली की कळंल. फार झालं शिक्षण!

मुकुंद साहेबांनी त्यांना बोलू दिलं. मग विचारलं, "त्याच्या कॉलेजमध्ये तुम्ही किती वेळा गेला आहात?"

"रोज जातो की. बस तिथूनच जाती," हिंदुराव म्हणाले, आणि म्हणता म्हणताच गप्प झाले.

"शिफ्ट सुरू झाली की पहिला पीस तुम्ही माझ्याकडे घेऊन येता. कशाला?"

"तपासायला. साचा बिघडला असला तर तिथंच कळावं म्हणून."

"मग तासातासाला पुन्हा एक एक पीस बघता. ते न करता संध्याकाळी नुसतं डिस्पॅचच्या दारात उभं राहून विचारलं, माल किती झाला, तर चालेल?"

साहेबांचा आवाज चढलेला नव्हता, पण एरवी दोन वाक्यांत काम संपवणारा माणूस आज बोलत राहिला. "पत्र्याच्या तुकड्याला आपण दिवसातून आठ वेळा हातात घेऊन बघतो. मुलाला वर्षातून एकदा. तेव्हाही मुलाला नाही, त्याच्या आकड्याला. त्यानं हा कागद बदलला, ते वाईटच केलं. त्याला ते सांगा, खडसावून सांगा. पण खरं बोलायला तुमच्या घरात त्याला जागा होती का, तेही बघा. एक विषय गेला तेव्हा तो घरी सांगू शकला असता, तर चार गेले नसते. आणि हिंदुराव, निकालाच्या दिवसांत पेपरात आपण काय काय वाचतो. तुमचा मुलगा अडीच महिने खोटं बोलला, पण रोज संध्याकाळी घरी परत आला. आधी त्यासाठी देवाला हात जोडा, मग रागवा."

परतीच्या बसमध्ये हिंदुराव उजवीकडे बसले. मोशीचं फाटक कधी आलं आणि गेलं, त्यांनी पाहिलं नाही.

निरंजन साडेपाचला आला. पाठीवर सॅक, हातात डबा. सावित्रीबाईंनी नेहमीसारखा डबा घासायला घेतला. बापानं विचारलं, आज काय शिकवलं. पोरानं एका दमात सांगितलं, की दोन तास लेक्चर झालं आणि दुपारनंतर वर्कशॉप होतं. किती सफाईनं सांगितलं! हिंदुरावांना चार विषयांचं जेवढं लागलं नव्हतं, तेवढं या सफाईचं लागलं. बसमध्ये त्यांनी ठरवलं होतं, आधी थोबाडीत ठेवून द्यायची आणि मग बोलायचं. हात उचललाही होता. पण तो खिशाकडे गेला आणि त्यांनी मुकुंद साहेबांनी वेबसाइटवरून छापून दिलेला, घडी केलेला खरा निकाल पोराच्या पुढ्यात टाकला.

निरंजन होता तिथेच खाली बसला. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन. एकोणीस वर्षांचं, मिसरूड फुटलेलं पोर, पण पिंकीपेक्षा लहान दिसायला लागलं. हिंदुरावांना खूप काही विचारायचं होतं, आणि तोंडातून भलताच प्रश्न निघाला.

"डबा कुठं खातोस?"

"कासारवाडीला. स्टेशनवर, बाकावर." मग म्हणाला, "तिथं कुणी काही विचारत नाही. सगळे गाडीची वाट बघत असतात."

सावित्रीबाईंच्या हातात डबा तसाच राहिला. पहाटे चारला उठून केलेली भाजी पोरगं परक्यासारखं फलाटावर बसून खात होतं, अडीच महिने. त्या मोरीतच बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. पिंकी आईकडे जावं की दादाकडे, अशी मध्येच उभी राहिली.

मग निरंजन बोलला. तुटक तुटक, खाली बघत. दहावीपर्यंत सगळं मराठीतून झालं होतं. डिप्लोमाला पहिल्या दिवसापासून इंग्रजी. सर काय म्हणतात ते कळायचं नाही, फळ्यावरचं उतरवून घ्यायचं, घरी येऊन पाठ करायचं. पहिल्या वर्षी पाठांतरावर कसाबसा निघाला. दुसऱ्या वर्षी पाठ करून भागेना. उठून विचारावं तर बाकीची पोरं हसतील. घरी सांगावं तर चौकात फ्लेक्स, लाइनवर पेढे. म्हणाला, "तुम्ही बसमधून रोज बघता ते मला माहीत होतं पप्पा. म्हणून फाटकासमोर थांबायचीसुद्धा भीती वाटायची."

हिंदुरावांचा राग कुठे गेला ते त्यांचं त्यांना कळलं नाही. राग होता तोवर बरं होतं, निदान हाताशी काहीतरी होतं. आता काहीच नव्हतं. त्यांनी सॅकमधून एक जाड पुस्तक काढलं आणि उघडलं. पत्रा किती ताण सोसतो, तो कुठे वाकतो, कुठे फाटतो, याचंच ते पुस्तक, असं निरंजननं सांगितलं. बावीस वर्षं पत्रा वाकवण्यात गेलेल्या त्या माणसानं पानं पुढे-मागे केली आणि एकाही पानावर त्याला आपला पत्रा ओळखू आला नाही. या पोराला आपण काय मदत करणार? पैसे देऊ, डबा देऊ, चपला देऊ. याच्या पुढ्यात बसून एक गणित समजावून द्यायचं म्हटलं तर आपला काही उपयोग नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या सातवीची लाज वाटली, आणि त्याच क्षणी पोराला काय वाटत असेल तेही थोडं उमगलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मोशीच्या फाटकाशी बापलेक उतरले. दोन वर्षांत पहिल्यांदा हिंदुराव त्या फाटकाच्या आत गेले. खिडकीवरचा कारकून घाईत होता, तो इंग्रजीतले चार शब्द फेकून दुसऱ्याकडे वळला. हिंदुराव खिडकीशीच उभे राहिले, काय विचारायचं तेही सुचेना. निरंजननंच मग हळूच त्यांची बाही ओढली आणि जयमाला मॅडमकडे नेलं. त्या मेकॅनिकलच्या विभागप्रमुख. वयानं चाळिशीच्या, आवाज बसलेला, टेबलावर वह्यांचा ढीग.

मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, नोव्हेंबरअखेर परीक्षा आहे, तिचा फॉर्म भरायला तीन दिवस राहिलेत, आणि याच्या नावापुढे अजून काहीच नाही. आज आला नसतात तर ही संधीही गेली असती. चारही विषय सुटले तर पुढच्या जुलैत तिसरं वर्ष. एखादा राहिला तर मे महिन्यात आणखी एक संधी. तीही गेली तर आणखी एक वर्ष घरी. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला शेवटच्या वर्षाच्या मार्कांवर मुख्य भर असतो, त्यामुळे झालं ते भरून निघू शकतं. पण खोटी आशा दाखवणार नाही, असंही म्हणाल्या. एकदा घरी बसलेली मुलं बरीचशी परत येत नाहीत. कुणी लोडिंगला लागतं, कुणी डिलिव्हरीला. त्यांचे फोन नंबर बदलतात आणि मग आम्हालाही पत्ता लागत नाही.

निरंजननं खाली मान घालून इंग्रजीचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, माझ्या वर्गात सत्तर मुलं आहेत. तू दोन वर्षं तिसऱ्या बाकावर बसून लिहून घेत होतास, मला वाटलं, याला कळतंय. तुझी चूक आहेच, तू विचारलं नाहीस. पण मीही विचारलं नाही. रोज दुपारी तीनला माझ्याकडे ये, मराठीतून विचार, मी मराठीतून सांगेन. पेपर मात्र इंग्रजीतच लिहावा लागेल.

फॉर्म भरला. बाहेर आल्यावर हिंदुरावांनी पोराला चहा पाजला. बोलणं काही झालं नाही. दोघांनाही बोलायची सवय नव्हती.

राहिला तो गुणवंत पाल्याचा अर्ज. मुकुंद साहेबांनी तो आधीच बाजूला काढून ठेवला होता. बनावट गुणपत्रिका त्यांनी हिंदुरावांच्या देखत फाडली आणि सांगितलं, की तुम्ही कुणाला काही सांगायची गरज नाही, कागद अपुरे होते म्हणून अर्ज राहिला असं मी म्हणेन. हिंदुरावांना सुटल्यासारखं वाटलं. घरची अब्रू घरात राहिली. दोन दिवस ते खुशीत होते म्हणा ना.

तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मारुतरावांनी विचारलं. मारुतराव वेल्डिंगचे, त्यांचे जुने जोडीदार, दिघीचेच. म्हणाले, यादीत निरंजनचं नाव दिसलं नाही, काय भानगड? टेबलावर सहा-सात जण होते. साहेबांनी दिलेलं वाक्य हिंदुरावांच्या जिभेवर तयार होतं. ते बोलायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना वाटलं, हे आपण तेच करतोय. पोरगं घरात जे करत होतं, तेच आपण इथं करतोय. आणि किती सफाईनं करतोय!

"निरंजन नापास झालाय," ते म्हणाले. "चार विषयांत. वर्ष गेलं. मला म्हायती नव्हतं, मी पेढे वाटले. आता पुन्हा बसणार हाय परीक्षेला."

कुणी ताटात बघितलं, कुणी पाणी प्यायलं. एकजण उगाच म्हणाला, की आजकाल पेपरच अवघड काढतात राव. सांगितलं ते बरं केलं की वाईट, काही कळेना. उठून हात धुवायला गेले, तर मारुतराव मागून आले. नळ चालू ठेवून, त्या आवाजात, हळूच म्हणाले, "भाऊ, आमच्या संघर्षचे तीन राहिलेत. दोन वर्षं झाली. आमी सांगतो सगळ्यांना, कंपनीत ट्रेनिंगला हाय म्हणून. घरीच असतो तो. दार लावून."

दोन वर्षं शेजारी बसून जेवत होते दोघं. एकाच बसनं जात होते. एकमेकांच्या पोरांचे टक्के दोघांना पाठ होते, आणि दोन्ही आकडे खोटे!

आठवडाभरात असे आणखी तिघे निघाले. कुणी बसमध्ये सांगितलं, कुणी हजेरीच्या पंचिंगच्या रांगेत, सगळ्यांनी आवाज खाली करूनच. मुकुंद साहेबांनी युनियनच्या खोलीची किल्ली मागून घेतली आणि आपल्या विभागातल्या एका तरुण इंजिनिअरला शिकवायची गळ घातली. तो स्वतः डिप्लोमा करूनच पदवीला गेलेला होता. दर रविवारी सकाळी पोरं तिथे बसायला लागली. संघर्ष पहिले दोन रविवार आलाच नाही. तिसऱ्या रविवारी मारुतराव त्याला स्वतः घेऊन आले आणि तो पळून जाऊ नये म्हणून की काय, दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. हिंदुरावही त्यांच्याशेजारी बसले. आतलं त्यांना काही कळत नव्हतं. कधी चहा आणून दे, कधी खडू संपला तर आणून दे, एवढंच.

खंडेनवमीला मशिनींना माळा पडल्या, सत्कार झाला, हिंदुरावांनी दरवर्षीसारख्या टाळ्या वाजवल्या. वाईट वाटलं. का वाटू नये? बापाचं मन आहे, ते एका शहाणपणानं बदलत नाही. घरी आल्यावर मात्र त्यांनी एक नवं सुरू केलं होतं. रोज जेवताना निरंजननं त्या दिवशी शिकलेली एक गोष्ट त्यांना मराठीतून सांगायची. कधी त्यांना थोडं कळायचं, बहुतेकदा नाही. पोरगं अडखळलं की ते म्हणायचे, इथंच अडतंय बघ तुझं, उद्या मॅडमला हेच विचार. एकदा पत्रा वाकवल्यावर तो थोडा परत का उलटतो, हे निरंजन सांगायला लागला आणि हिंदुरावांनी ताट बाजूला सारून त्याला हातानं करून दाखवलं. त्या दिवशी बापलेक पाऊण तास बोलले. सावित्रीबाईंनी मध्ये वाढायलासुद्धा टोकलं नाही.

परीक्षा झाली. निकाल जानेवारीत लागणार होता.

त्या दिवशी हिंदुरावांना दुसरी शिफ्ट होती. लाइनवर फोन न्यायची परवानगी नाही, फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. संध्याकाळी सहाच्या चहाच्या सुट्टीत त्यांनी फोन काढला. निरंजनचे सात मिस्ड कॉल होते. जे पोरगं बापाला कधी आपणहून फोन करत नाही, त्याचे सात! शेवटचा फोन पाऊण तासापूर्वीचा. त्यांनी लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. सावित्रीबाईंना लावला, तोही कुणी उचलेना. मुकुंद साहेब त्या दिवशी केबिनमध्ये काय म्हणाले होते ते सगळं आठवायला लागलं, पेपरात वाचलेलं सगळं आठवायला लागलं. चाकणहून दिघी, कितीही पळालं तरी तास. सुट्टी पंधरा मिनिटांची. हिंदुराव लॉकरच्या खोलीत फोन कानाला लावून उभे होते आणि त्यांना काहीही करता येत नव्हतं. चारच्या जागी दहा विषय जाऊ दे, देवा, डिप्लोमा जाऊ दे, इंजिनिअर जाऊ दे, पण फोन उचलू दे. चौथ्यांदा रिंग वाजली.

"पप्पा?"

हिंदुरावांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"पप्पा, निकाल लागला. तीन निघाले. मॅथ्स राहिला, चार मार्कांनी. मी पिंकीला आणायला गेलो होतो, फोन चार्जिंगला घरीच राहिला. आई दळणाला गेलीय. तिला अजून सांगितलं नाही, म्हटलं आधी तुम्हाला सांगू." पलीकडे पोराला हुंदका ऐकू आला. "पप्पा, रडताय का? मे महिन्यात काढतो मी तो. मॅडमशी बोललोय."

"न्हाई रं," हिंदुराव म्हणाले आणि बाकावर बसले. "तू सांगितलंस ना. बास झालं."

मे महिन्यात तो विषय सुटेल का, जुलैत तिसरं वर्ष मिळेल का, पुढे इंजिनिअरिंगचं दार उघडेल का, हे हिंदुरावांना माहीत नव्हतं. मलाही ठाऊक नाही आणि कुणीच तशी खात्री देऊ शकत नाही. पण वाचकहो, त्या बाकावर बसलेल्या बापाला जे कळलं ते आपण सगळ्यांनी वेळेत समजून घ्यायला हवं. मूल नापास झालं, तर एक वर्ष जातं. ते वर्ष भरून काढता येतं. मूल आपल्याला सांगेनासं झालं, तर मूलच जातं.